वाचकांचे प्रश्न : पहिल्या वर्षाला जगाचा प्रादेशिक भूगोल

कॉलेजच्या पहिल्या वर्षी जगाचा प्रादेशिक भूगोल घेतलेल्या विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या पालकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांमागे धास्ती एकच आहे : एवढे देश, एवढ्या नद्या, लक्षात राहायच्या कशा? म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : आमच्या अभ्यासक्रमात जगाचे दहा-अकरा प्रदेश आहेत. एका सत्रात सगळे देश, राजधान्या, नद्या पाठ होत नाहीत. आफ्रिकेला तर मी हातच लावलेला नाही. काय करू? (बी.ए. प्रथम वर्ष, सांगली)

संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश १९३ आहेत आणि त्यातले ५४ एकट्या आफ्रिकेत. यादी करून पाठ केलेत तर परीक्षेनंतर आठवड्याभरात विसराल, कारण यादीतल्या एका नावाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. नकाशा हाताने काढलात तर तो संबंध आपोआप दिसतो. छापील कोरा नकाशा रंगवणं किंवा ट्रेसिंग पेपरने गिरवणं याला आम्ही नकाशा काढणं म्हणत नाही. त्यात हात चालतो, डोकं चालत नाही.

ज्याला हात लावला नाही त्या आफ्रिकेपासूनच सुरुवात करा. काढायला हा सगळ्यात सोपा खंड आहे. तो साधारण ३७ अंश उत्तर ते ३५ अंश दक्षिण आणि १७ अंश पश्चिम ते ५१ अंश पूर्व असा पसरला आहे. १ सेंटिमीटरला ५ अंश असं प्रमाण धरलं, तर ए-फोर कागदावर १४ सेंटिमीटर रुंद आणि साडेचौदा सेंटिमीटर उंच चौकट पुरते. डाव्या कडेपासून साडेतीन सेंटिमीटरवर उभी रेघ मारा, ती शून्य रेखांश. वरच्या कडेपासून साडेसात सेंटिमीटरवर आडवी रेघ मारा, ते विषुववृत्त. दोन्ही रेघा मिळतात तिथून मोजत बारा बिंदू द्या.

टँजियर १.२ सेंमी डावीकडे, ७.२ वर. ट्युनिशियाचं टोक २ उजवीकडे, ७.४ वर. लिबियाच्या किनाऱ्यावरचं सिद्राचं आखात ३.९ उजवीकडे, ६ वर. सुएझ ६.५ उजवीकडे, ६ वर. जिबुती ८.६ उजवीकडे, २.३ वर. सोमालियाचं रास हाफून १०.३ उजवीकडे, २.१ वर. मोझांबिक बेट ८.१ उजवीकडे, ३ खाली. अगुल्हास भूशिर ४ उजवीकडे, ७ खाली. लुआंडा २.६ उजवीकडे, १.८ खाली. कॅमेरूनचा कोपरा १.९ उजवीकडे, ०.८ वर. लायबेरियाचं पाल्मास भूशिर १.५ डावीकडे, ०.९ वर. शेवटचं डाकार, ३.५ डावीकडे, २.९ वर. बिंदू क्रमाने जोडा. डाकारहून टँजियरकडे जाताना आणि मोझांबिकहून अगुल्हासकडे येताना रेघ थोडी बाहेर फुगवा. खंड तयार झाला. (दक्षिण टोक म्हणून केप ऑफ गुड होप लिहिण्याची चूक सर्रास होते. टोक अगुल्हासचं आहे.)

आता देश भरायची घाई करू नका. आधी चार थर चढवा, प्रत्येकाला वेगळी पेन्सिल.

पहिला थर कोरड्या पट्ट्यांचा. विषुववृत्त खंडाच्या जवळजवळ मधून जातं, त्यामुळे वरची आणि खालची बाजू आरशात पाहिल्यासारखी दिसते : मध्ये काँगोच्या खोऱ्यातलं वर्षावन, त्याच्या दोन्ही बाजूंना गवताळ प्रदेश, त्यापलीकडे वर सहारा आणि खाली कालाहारी-नामिब, आणि दोन्ही टोकांना हिवाळी पावसाचा भूमध्यसागरी पट्टा, म्हणजे अल्जीअर्स आणि केपटाउन. हे एकदा दिसलं की अर्ध्या खंडाचं हवामान पाठ करावंच लागत नाही. सहाराच्या दक्षिण कडेला, साधारण २.४ ते ३.६ सेंटिमीटरच्या दरम्यान डाकारपासून तांबड्या समुद्राकडे जाणारा पट्टा म्हणजे साहेल. इथे वर्षाला साधारण २०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही भरवशाचा नाही.

दुसरा थर नद्यांचा : नाईल, काँगो, नायजर, झांबेझी. नायजर नीट बघा. ती गिनीच्या डोंगरात समुद्रापासून जेमतेम २४० किलोमीटरवर उगम पावते, पण समुद्राकडे पाठ फिरवून वाळवंटाच्या कडेपर्यंत जाते आणि मोठं वळण घेऊन हजारो किलोमीटरनंतर नायजेरियात समुद्राला मिळते. टिंबक्टूसारखं व्यापारी शहर वाळवंटाच्या दारात का वसलं, हे त्या वळणामुळे कळतं.

तिसरा थर माणसांचा : नाईलचं खोरं, नायजेरियासह गिनीच्या आखाताचा किनारा, इथिओपियाचं पठार, व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर. चौथा थर रेल्वेमार्गांचा. वसाहतींच्या काळातले मार्ग खाणीपासून बंदरापर्यंत सरळ जातात, शेजारच्या देशांना जोडणारे कमी. झांबियाचं तांबं ऱ्होडेशियातून (आजचा झिम्बाब्वे) न नेता टांझानियाच्या दार-एस-सलाम बंदराला पोहोचावं म्हणून चीनच्या मदतीने १९७० च्या दशकात ताझारा रेल्वे बांधली गेली. ती एक रेघ काढलीत तर त्या काळाचं राजकारणही लक्षात राहतं.

यानंतर देशांची नावं भरा, रोज आठ-दहा. तोच नकाशा न बघता तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि तीन आठवड्यांनी पुन्हा काढा. पहिल्या खेपेला पाऊण तास लागेल, चौथ्या खेपेला दहा मिनिटं. अंश सरळ सेंटिमीटरमध्ये मांडल्यामुळे उत्तर-दक्षिण टोकांकडचा भाग थोडा रुंद दिसतो. सरावाला ते चालतं, पण या नकाशावर अंतर मोजू नका.

प्रश्न : एका पुस्तकात अफगाणिस्तान दक्षिण आशियात आहे, दुसऱ्यात मध्य आशियात. तुर्कस्तान, रशिया, मेक्सिको यांचंही तेच. परीक्षेत कोणतं बरोबर? (कोल्हापूर)

दोन्ही बरोबर असू शकतात. पुस्तक कोणता निकष लावतंय ते आधी बघा.

आपल्याकडचंच घ्या. कोकण म्हणताना आपण सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली पट्टी, तिथला पाऊस, जांभा, भातशेती असे सारखे गुण धरतो. हा समरूप प्रदेश. लासलगावच्या बाजारात जिथून जिथून कांदा येतो तो सगळा मुलूख हा कार्यात्मक प्रदेश. तो एका केंद्राभोवती बांधलेला असतो आणि दर बदलले की त्याची कड सरकते. खानदेश नावाचा जिल्हा आज नाही, तरी खानदेश कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त कडेच्या गावांवर एकमत होत नाही. हा लोकांच्या मनातला प्रदेश.

जगाचे प्रदेशही असेच तीन प्रकारे पाडले जातात आणि गोंधळ नेमका कडेच्या देशांवर होतो. अफगाणिस्तान २००७ मध्ये सार्कचा सदस्य झाला, म्हणून दक्षिण आशिया. त्याची उत्तर सीमा अमू दर्यावर आहे आणि ताजिक, उझबेक लोक नदीच्या दोन्ही काठांना राहतात, म्हणून मध्य आशिया. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत इराणही दक्षिण आशियात मोजला जातो, मात्र वर्गात तो नैऋत्य आशियात शिकवतात. मेक्सिको भूखंडाने उत्तर अमेरिका, भाषेने आणि इतिहासाने लॅटिन अमेरिका. सायप्रस नकाशावर आशियात आणि २००४ पासून युरोपीय संघात.

उत्तरपत्रिकेत निकष एका वाक्यात लिहा आणि मगच देश टाका. ‘भाषा व वसाहतीचा इतिहास हा निकष धरल्यास मेक्सिको लॅटिन अमेरिकेत येतो’ एवढं लिहिलंत तर कोणी गुण कापणार नाही. नावांकडेही असंच बघा. ‘मिडल ईस्ट’ हे नाव युरोपात उभं राहून पूर्वेकडे बघणाऱ्याचं आहे. मुंबईहून तो प्रदेश पश्चिमेला आहे, म्हणून मराठीत लिहिताना पश्चिम आशिया म्हणावं, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : समुद्राला लागून असूनही पेरू आणि चिलीचा किनारा वाळवंट कसा? ‘थंड प्रवाहामुळे’ एवढंच लिहिलं तर अर्धेच गुण मिळतात. (नाशिक)

गुण कापणाऱ्यांचं बरोबर आहे. थंड प्रवाह हे कारणांच्या साखळीतलं एक कडं आहे.

पेरूची राजधानी लिमा १२ अंश दक्षिणेवर आहे, ब्राझीलचं साल्व्हादोर १३ अंशावर. दोन्ही समुद्रकाठी. साल्व्हादोरला वर्षाला २,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लिमाला मोजके मिलिमीटर. अक्षांश जवळजवळ एकच, म्हणजे उत्तर अक्षांशात नाही. आता हे प्रश्न याच क्रमाने विचारा : हवा वर चढतेय की खाली बसतेय? किनाऱ्यालगतचं पाणी गरम की थंड? वारा समुद्रावरून जमिनीवर येतो का? मध्ये डोंगर आहे का?

लिमासमोर आग्नेय प्रशांत महासागरावर जास्त दाब ठाण मांडून असतो, त्यामुळे हवा खाली बसते. किनाऱ्याने दक्षिणेकडून हम्बोल्ट हा थंड प्रवाह येतो, आणि खोलवरचं थंड पाणीही वर येतं. पाण्यालगतची हवा गार आणि जड होते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. गार हवा झाकण फोडून वर जात नाही आणि वर गेल्याशिवाय पाऊस नाही. वारा बराचसा किनाऱ्याला समांतर वाहतो. ॲमेझॉनकडून येणारं बाष्प अँडीजच्या पूर्व उतारावरच अडतं. साल्व्हादोरला यातलं काहीच नाही : समोर गरम प्रवाह आणि समुद्रावरून थेट जमिनीवर येणारे आग्नेय व्यापारी वारे.

इथे एक चूक हमखास होते. ‘हवेत बाष्प नसल्यामुळे पाऊस नाही’ असं लिहू नका. लिमाची हवा दमट असते, हिवाळ्यात शहरावर महिनोन्‌महिने धुक्याचं छत असतं. बाष्प आहे, त्याला वर चढायला वाट नाही.

इथपर्यंत प्राकृतिक भूगोल झाला. प्रादेशिक भूगोल पुढे सुरू होतो, आणि हा भाग आम्हाला या विषयातला सगळ्यात सुंदर वाटतो. वर येणाऱ्या थंड पाण्यात पोषकद्रव्यं असतात, म्हणून अँचोव्ही मासा भरपूर. माशांवर जगणारे लाखो पक्षी, आणि पाऊस नसल्यामुळे न धुपलेले त्यांच्या विष्ठेचे थर. तेच ग्वानो खत. दक्षिणेला अटाकामात, जिथे आरिका शहराचा सरासरी पाऊस वर्षाला १ मिलिमीटरच्याही आत आहे, नायट्रेटचे साठे टिकून राहिले. एरवी पाण्यात विरघळणारं हे खनिज अशाच ठिकाणी साठून राहतं. खत आणि स्फोटकं दोन्हींसाठी जगाला ते हवं होतं. त्यावरून १८७९ मध्ये चिलीचं पेरू आणि बोलिव्हियाशी युद्ध पेटलं, आणि बोलिव्हियाने आपला किनारा गमावला. त्या भूवेष्टित देशाचं नौदल आजही टिटिकाका सरोवरावर आहे. पुढे जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनू लागलं आणि नायट्रेटची गावं ओस पडली. आज त्याच वाळवंटातून तांबं आणि लिथियम निघतं.

एल निनोच्या वर्षी व्यापारी वारे मंदावतात, गरम पाणी पूर्वेकडे सरकतं, पेरूच्या किनाऱ्यावर पूर येतात, अँचोव्ही घटतो. अशा अनेक वर्षी आपला मान्सूनही कमजोर राहिला आहे. पण ‘एल निनो म्हणजे भारतात दुष्काळ’ असं समीकरण मांडू नका. १९९७ चा एल निनो फार तीव्र होता, तरी भारतात पाऊस सरासरीइतका पडला.

प्रश्न : भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरंच तेवढं आहे का? (लातूर)

आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे १४ पट आहे. ग्रीनलंड साधारण २२ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताहूनही लहान. तुमच्या भिंतीवर मर्केटरचं प्रक्षेपण आहे. प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची रीत. १५६९ मध्ये खलाशांसाठी केलेल्या त्या नकाशात दिशा अचूक राहतात, त्यासाठी आकारमानाचा बळी दिलेला आहे. ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसतं. घनता, पीक, जंगल असं काहीही पसरलेलं दाखवायचं असेल, तर मोलवाइडसारखं समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळाचं प्रमाण खरं राखणारं, प्रक्षेपण वापरा. दोन शहरांमधला सर्वांत जवळचा मार्ग हवा असेल, तर पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा.

प्रश्न : इजिप्तची घनता बांगलादेशाच्या दहाव्या हिश्श्याएवढीच आहे. मग इजिप्तला दाट वस्तीचा देश का म्हणतात? (अहमदपूर)

कारण भागाकार चुकीच्या संख्येने केला आहे. इजिप्तची लोकसंख्या ११ कोटींच्या वर, क्षेत्रफळ सुमारे १० लाख चौरस किलोमीटर. भागाकार येतो ११० च्या आसपास. पण शेतीची जमीन जेमतेम ४ टक्के, म्हणजे ४०,००० चौरस किलोमीटर. ११ कोटींना ४०,००० ने भागा : २,७५०. बांगलादेशात १७ कोटी लोक १.४८ लाख चौरस किलोमीटरवर राहतात, म्हणजे सुमारे १,१५०. तिथे जवळजवळ ६० टक्के जमीन लागवडीची आहे, तेवढ्याने भागलं की १,९०० च्या आसपास येतं. शेतजमिनीवरचा भार इजिप्तमध्ये जास्त निघाला.

एकूण क्षेत्रफळाने भागून येणाऱ्या आकड्याला गणिती घनता म्हणतात, शेतजमिनीने भागून येणाऱ्याला कायिक घनता. वाळवंट, बर्फ किंवा घनदाट जंगल मोठ्या भागात आहे अशा देशाची गणिती घनता एकटी कधीच लिहू नका. इजिप्तबद्दल पुढे लिहायचं तर आस्वानचं मोठं धरण घ्या. ते १९७० मध्ये पूर्ण झालं, पूर थांबले, बारमाही पाणी मिळालं. पण गाळ धरणात अडकला, शेताला रासायनिक खत लागू लागलं आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा खचू लागला.

प्रश्न : दीर्घोत्तरी प्रश्नात मी नेहमी ‘हवामानामुळे हा प्रदेश मागास राहिला’ असं लिहितो. सरांनी त्यावर लाल रेघ मारली. का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

निसर्गच सगळं ठरवतो हा निश्चयवाद. त्याविरुद्ध निसर्ग शक्यता देतो आणि माणूस निवड करतो, असं म्हणणारा संभववाद फ्रान्समध्ये व्हिदाल द ला ब्लाश यांच्या परंपरेत वाढला. पण आता सगळं खापर इतिहासावर फोडलंत तरी उत्तर अर्धवटच राहील.

हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक ही एकाच बेटाची दोन अंगं आहेत, आणि सरावासाठी यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. ईशान्य व्यापारी वारे पूर्वेकडच्या डोमिनिकन बाजूला जास्त पाऊस देतात, हैतीचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो आणि उतारही तीव्र आहेत. हा निसर्गाचा वाटा. फ्रेंचांनी इथे गुलामांच्या कष्टावर उसाचे मळे उभे केले. गुलामांनी उठाव करून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सने मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक मागितले आणि ते फेडताना देश कर्जात रुतला. हा इतिहासाचा वाटा. जंगलतोड दोन्हींना जोडते : तीव्र उतार, सरपणासाठी कोळसा, मग धूप. उत्तरात तिन्ही गोष्टी याच क्रमाने आणा. शेवटी एक ओळ अपवादाची लिहा. ‘मागास’ हा शब्द मात्र गाळा. त्याऐवजी दरडोई उत्पन्न किंवा साक्षरता असा मोजता येणारा निकष सांगा.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षी हा विषय घेते आहे. तिच्या पुस्तकात दक्षिण आशियाचं प्रकरण अगदी ढोबळ आहे. तिने वर्गात काय मांडावं? (न्यू जर्सी)

सर्वसाधारण तक्रार करण्यापेक्षा एक छेद, म्हणजे डोंगर उभा कापल्यासारखी आकृती, काढून न्यावा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि घाट उतरून तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही बराच खाली. ‘भारतात मान्सूनचा पाऊस पडतो’ या एका वाक्यात किती लपतं, हे त्या एका आकृतीने दिसेल.

दुसरं, भाषेचा उपयोग करावा. बटाटा आणि काजू हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले. काजूचं झाड ब्राझीलचं, बटाट्याचं मूळ अँडीजमध्ये. अँडीजच्या उंचीनुसार बदलणाऱ्या पिकांवरचा धडा तिथूनच सुरू करता येईल : खाली ऊस-केळी, मध्ये कॉफी-मका, वर बटाटा. मॉरिशसमधले मराठी भाषक, कोकणातून इस्राएलला गेलेले बेने इस्राएली हे स्थलांतराचे खरे दुवेही तिच्या हाताशी आहेत.

प्रश्न : घरी जुना ॲटलस आहे. चालेल का? (रत्नागिरी)

प्राकृतिक नकाशांसाठी चालेल. राजकीय नकाशे पेन्सिलने दुरुस्त करा. १९९१ च्या आधीचा असेल, तर सोव्हिएत संघाच्या जागी १५ देश. पूर्व तिमोर २००२, माँटेनेग्रो २००६, दक्षिण सुदान २०११, राजधानी जुबा. स्वाझीलंडचं नाव २०१८ पासून एस्वातिनी, मॅसिडोनियाचं २०१९ पासून उत्तर मॅसिडोनिया. कझाकस्तानची राजधानी अस्ताना २०१९ मध्ये नूर-सुलतान झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना.

प्राकृतिक पानावरही एक जागा बदलावी लागेल. अरल समुद्र १९६० मध्ये सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर होता. अमू दर्या आणि सिर दर्याचं पाणी कापसाकडे वळवल्यावर तो आटून तुकडे झाले. जुनी कड पुसू नका. तुटक रेघेने ती तशीच ठेवा आणि आतल्या बाजूला उत्तरेचा लहान तुकडा ठळक काढा. २००५ मध्ये पूर्ण झालेल्या कोक-अरल बांधामुळे तेवढ्या भागात पाणी आणि मासे परत आले आहेत.